बोलक्या पक्ष्याचें मुकें दुखणें

दुखणें सांगतां येणें हें केवढें भाग्य आहे, याची जाणीव ज्यास तें सांगतां येतें त्यास सहसा नसते. मूल रडतें, तरुण कण्हतो, आणि वृद्ध माणसें तर दुखणें यावयाच्या आधींच त्याची वर्दी देऊन ठेवितात. "येथें दुखतें, जेवल्यावर वाढतें, रात्रीं झोंप लागत नाहीं," एवढीं तीन वाक्यें रोग्याच्या तोंडून निघालीं कीं वैद्याचें निम्में काम झालें. ज्यास हीं तीन वाक्यें बोलतां येत नाहींत त्याच्या उशाशीं बसलेला वैद्य मात्र अंधारांत चांचपडत असतो. गेल्या वर्षीं हा अंधार आमच्या घरांत शिरला, आणि तोही एका अशा प्राण्याच्या निमित्तानें, कीं जो सकाळपासून सायंकाळपर्यंत अखंड बोलत असे.

हा प्राणी म्हणजे आमचा करडा आफ्रिकी पोपट. मध्य व पश्चिम आफ्रिकेच्या अरण्यांतील ही जात. अंग राखी, शेंपूट लालभडक, आणि दुसऱ्याचा आवाज उचलण्यांत हिची बरोबरी करणारा पक्षी विरळा. आपल्याकडील हिरवे राघू पिंजऱ्यांत ठेवणें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें गुन्हा आहे, ही गोष्ट अजूनही पुष्कळ सुशिक्षित घरांत ठाऊक नसते. आमच्या पोपटासारख्या परदेशी जाती पाळावयाच्या तर त्यांची २०२४ च्या नियमांप्रमाणें सरकारदरबारीं नोंद करावी लागते. ती आम्हीं केली आहे. आमचे एक स्नेही बारा वर्षांपूर्वीं कायमचे परदेशीं जावयास निघाले, तेव्हां याला आमच्या स्वाधीन करून गेले. आत्याबाईंनीं त्याचें नांव पंडित ठेविलें, कारण त्याच्या बोलण्यांत अर्थापेक्षां पाठांतर अधिक होतें.

पंडितानें बारा वर्षांत घरांतील प्रत्येकाचा आवाज आपलासा केला. आत्याबाईंचें "चहा झाला कां ग?" हें तो इतकें हुबेहूब म्हणे, कीं वहिनींनीं लगबगीनें आधण ठेवावें आणि आत्याबाई देवळांत गेलेल्या असाव्यात. दादांचा खोकला, दाराची घंटा, पुतण्याच्या मोबाइलची धून, सारें त्याच्या संग्रहीं होतें. कुकरच्या शिट्टीची नक्कल तर अशी, कीं तीन शिट्ट्यांच्या हिशेबानें उतरविलेला कुकर उघडावा तों आंत डाळ कच्चीच. स्वयंपाकघराचा एवढा अपराध करूनही ज्यावर कोणी रागावत नसे, असा घरांत तोच एक होता.

गेल्या भाद्रपदांत गणपतीच्या दिवसांत तो गप्प झाला. घर पाहुण्यांनीं भरलेलें, दोन्ही वेळां आरत्या, झांजा, मुलांचा गलका. "गर्दीला बिचकला असेल," असें म्हणून आम्हीं तिकडे दुर्लक्ष केलें. विसर्जन झालें, पाहुणे आपापल्या गांवीं गेले, तरी कुकरची ती दुसरी शिट्टी कांहीं ऐकूं येईना. मग आम्हीं ठरविलें कीं तो रुसला आहे. शेवटीं एके दिवशीं आत्याबाईच म्हणाल्या, "अरे, श्वास घेतांना याचें शेंपूट बघ कसें खालीं-वर होतें. हें रुसणें नव्हे. याला दम लागतो आहे."

आम्ही जवळ जाऊन पाहूं लागलों कीं तो ताठ बसे, पिसें चापून घेई, डोळे टक्क उघडे ठेवी. आम्ही दूर झालों कीं पुन्हां अंग फुगवून डोळे मिटी. याचा उलगडा पुढें पशुवैद्यांनीं केला. रानांत जो पक्षी थकलेला दिसतो त्याच्यावर शिकाऱ्याची झडप पहिल्यानें पडते. म्हणून अशक्तपणा लपविणें हें या जीवांच्या रक्तांतच असतें. पोपट काय, ससा काय, कांसव काय, त्यांचें दुखणें जेव्हां आपल्या नजरेस येतें तेव्हां तें बहुधा फार पुढें गेलेलें असतें. आम्हीं तर नजरेस आल्यावरही तीन आठवडे दवडले होते.

हे पशुवैद्य पक्षी, सरपटणारे प्राणी आणि ससे यांचीच विशेष चिकित्सा करणारे. त्यांनीं प्रथम पंडिताचें वजन केलें, रक्त तपासावयास पाठविलें आणि साधें क्ष-किरणचित्र घेतलें. पडद्यावर तें लावून ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "डाव्या बाजूस कांहींतरी पुसट दिसतें आहे, पण तें खरोखर तेथें आहे, कीं एकावर एक पडलेल्या सांवल्यांचा भास आहे, हें मला खात्रीनें सांगतां येत नाहीं."

साधें क्ष-किरणचित्र म्हणजे अखेर सांवलीच. भिंतीवर पडलेल्या हाताच्या सांवलीवरून मुठींत सुपारी आहे कीं खडा हें जसें सांगतां येत नाहीं, तशीच येथेंही अडचण होते. पक्ष्याच्या शरीराची रचना ही अडचण आणखी वाढविते. आपल्याप्रमाणें त्यास छाती आणि पोट यांमध्यें पडदा नसतो. त्याचीं फुफ्फुसें लहान आणि पाठीच्या फांसळ्यांस चिकटलेलीं असतात, आणि त्यांस जोडलेल्या हवेच्या पातळ पिशव्या, बहुतेक पक्ष्यांत नऊ, गळ्यापासून पोटापर्यंत आणि कांहीं हाडांच्या पोकळींतही पसरलेल्या असतात. या पिशव्यांत रोग शिरला तर हृदय, यकृत आणि पेषणी यांच्या सांवल्या त्याच्यावर पडतात आणि वैद्याच्या नजरेसमोर रोग असूनही तो दिसत नाहीं. "सीटी स्कॅन करूं या," असें पशुवैद्य म्हणाले, तेव्हां आम्ही क्षणभर त्यांच्या तोंडाकडे पाहतच राहिलों. माणसांच्या इस्पितळांतील तें प्रचंड वर्तुळ आणि आमचा चारशें ग्रॅमचा पंडित, या दोहोंची सांगड आमच्या मनांत कधीं बसलीच नव्हती.

सीटी स्कॅन हें नांव आतां घरोघर ऐकूं येतें. परंतु तें यंत्र करतें काय, हें आम्हांसही त्या दिवसापर्यंत नीट ठाऊक नव्हतें. आमच्या भगिनीवर्गास तें लवकर समजेल. अळूवडीचा उंडा बाहेरून पाहिला तर आंत किती पानें आहेत आणि पीठ सर्वत्र सारखें लागलें आहे कीं नाहीं, याचा पत्ता लागत नाहीं. सुरीनें चकती कापली कीं प्रत्येक पदर मोकळा दिसतो. हें यंत्र सुरी न लावतां अशाच चकत्या कापतें. क्ष-किरणांची नळी शरीराभोंवतीं फिरते, प्रत्येक दिशेनें किती किरण पार गेले याचें मोजमाप होतें, आणि त्या असंख्य मोजमापांवरून प्रत्येक कणाची घनता संगणक गणितानें काढतो. त्या घनतेस आंकडा असतो: पाण्यास शून्य, हवेस उणे हजार, आणि हाडास शून्याच्या वर कित्येक शें. हवेनें भरलेल्या पक्ष्याच्या देहांत म्हणून हें यंत्र फार उपयोगी पडतें. जेथें उणे हजाराचा काळोख असावयाचा तेथें पांढरा ठिपका दिसला, कीं तेथें कांहींतरी नको तें बसलें आहे हें उघड होतें.

या यंत्राचा जन्म जेथें झाला ती जागा वाचकांस अपरिचित नाहीं. आमच्या आजोबांच्या फोनोवर ज्या तबकड्या वाजत, त्यांवर कर्ण्यापुढें कान देऊन बसलेल्या कुत्र्याचें चित्र असे. तें 'हिज मास्टर्स व्हॉइस' हें चिन्ह ज्या ईएमआय कंपनीकडे आलें, तिच्याच प्रयोगशाळेंत गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंग्रज अभियंत्यानें सीटी स्कॅनचें यंत्र तयार केलें. प्रारंभींच्या प्रयोगांत एका चित्राचीं मोजमापें घ्यावयास नऊ दिवस लागत आणि त्यांचें गणित करावयास संगणकास अडीच तास लागत. १९७१ च्या ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेस लंडनच्या विंबल्डन भागांतील ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयांत एका स्त्रीच्या मस्तकाचें पहिलें चित्र निघालें. या विषयाचें गणित ॲलन कॉरमॅक यांनीं आधींच स्वतंत्रपणें मांडलें होतें. १९७९ चें नोबेल पारितोषिक दोघांस मिळून देण्यांत आलें. परंतु त्या स्त्रीपूर्वीं हाउन्सफील्ड यांनीं आपलें यंत्र कशावर पारखलें होतें? कत्तलखान्यांतून आणलेल्या बैलाच्या मेंदूवर. मनुष्याच्या मस्तकांत डोकावण्याची विद्या एका मुक्या जनावराच्या मस्तकावर गिरवून घेतली गेली. पंडितास त्या यंत्रांत घालणें हा आम्हांस प्रथम थोडा थाट वाटला होता. ही हकीकत कळल्यावर तें जुन्या देण्याची अल्पशी परतफेड वाटूं लागलें.

पण देणें फेडावयाचें म्हणजे पैसे लागतात. पशुवैद्यांनीं खर्चाचा जो अंदाज सांगितला तो अनेक हजारांचा होता. पितृपक्ष चालूं होता. रात्रीं जेवणें उरकल्यावर दादांनीं विषय काढला. दादा कठोर नाहींत. पंडितास पहाटे पांघरूण घालणारे तेच. ते म्हणाले, "पोपट मला जड झाला आहे असें नाहीं. पण आपल्या सुमनबाईंची आई दोन महिने कुशीच्या कळांनीं तळमळते आहे. तिला सार्वजनिक रुग्णालयांत स्कॅनसाठीं पुढच्या महिन्याची तारीख मिळाली आहे. सुमनबाई आपल्याकडे रोज भांडीं घांसतात. आणि आपण पोपटाला परवां सकाळीं यंत्रांत घालणार. त्यांना तोंड कसें दाखवावयाचें?"

सर्व स्तब्ध झाले. खरें सांगावयाचें तर आमच्या मनास त्या क्षणीं बरेंही वाटलें. खर्च टाळावयास इतकें सोज्ज्वळ कारण आयतें हातीं आलें होतें. तेवढ्यांत कोंपऱ्यांतून आत्याबाईंचा आवाज आला.

"पोपटाचे पैसे वांचले तर ते तूं तिच्या आईला देणार होतास कां?"

दादा बोलले नाहींत.

"दोन महिने ती म्हातारी आजारी आहे हें तुम्हां सर्वांना ठाऊक होतें. मलाही होतें. पोपट आजारी पडेपर्यंत तिची आठवण कोणी काढली नाहीं. आतां एका मुक्याला नाहीं म्हणावयाचें म्हणून दुसऱ्या मुकीला पुढें करूं नका. पितरांचें पान वाढतांना आधीं कावळ्याला वाट पाहून खाऊं घालतां, मग आपण जेवतां. तें काय नुसतें पंधरा दिवसांपुरतेंच?"

आत्याबाईंचें शिक्षण जुन्या फायनलपर्यंतचें. आमच्या घरांत पदव्यांचा तोटा नाहीं. पण त्या रात्रीं त्यांच्या प्रश्नास उत्तर देण्याइतकी विद्या कोणापाशींही निघाली नाहीं. दोन दुःखें तराजूंत घालून तोलणें हें न्यायाचें लक्षण आहे असें आपण समजतों. पुष्कळदां आपण तीं एवढ्यासाठींच तोलतों, कीं एकाच्या नांवानें दुसऱ्यास नाकारावें आणि दोहोंपैकीं कोणासही कांहीं द्यावें लागूं नये. दिवाळीस घ्यावयाचा नवा दूरदर्शन संच त्या रात्रीं एकमतानें रहित झाला. सुमनबाईंच्या आईचें स्कॅन दोनच दिवसांत एका खासगी केंद्रांत झालें. मूत्रपिंडाच्या नळींत खडा अडकलेला निघाला आणि उपचार लगेच सुरू झाले. त्याच सप्तकांत पंडिताचीही पाळी आली.

प्राण्यांच्या त्या दवाखान्यांतील बांकावर आमच्या शेजारीं दोन कुटुंबें बसलीं होतीं. एका मुलीच्या मांडीवर टोपलींत ससा होता. त्यानें चार दिवस गवतास तोंड लावलें नव्हतें. सशाचे दांत जन्मभर वाढतात; गवत चावून ते झिजले नाहींत तर दाढांचीं मुळें जबड्याच्या हाडांत आणि डोळ्याच्या खांचेकडे रेटत जातात, आणि तोंड उघडून पाहणाऱ्यास त्याचा थांगही लागत नाहीं. दुसऱ्या गृहस्थांपाशीं एक लाल कानाचें परदेशी कांसव होतें. त्याची पाठ म्हणजे हाडाचीच पेटी. वैद्यानें हातानें चांचपावें कोठें? अशा कांसवाच्या अंगांतील अडकलेलीं अंडीं, मूत्राशयांतील खडे किंवा फुफ्फुसाची सूज या यंत्रांत स्वच्छ दिसते. आणि कांसव मुळांतच स्वस्थ पडणारें असल्यामुळें त्यास बहुधा गुंगीही द्यावी लागत नाहीं. ससा, कांसव, पोपट: तिघेही अबोल, आणि तिघांचीं माणसें एकमेकांस आपापल्या रोग्याचीं लक्षणें अगदीं माणसांच्या दवाखान्यांत सांगतात तशींच सांगत होतीं.

पंडितास मात्र गुंगी देणें भाग होतें, आणि श्वासाचाच विकार असलेल्या पक्ष्यास गुंगी देण्यांत धोका आहे हें पशुवैद्यांनीं आम्हांस स्पष्ट सांगितलें. कागदावर सही करतांना आमचा हात अडखळला. नाकातोंडावर लहानसा मुखवटा धरून त्यास गुंगीचा वायु दिला, घशांत श्वासाची नळी बसविली, आणि उताणा निजवून पंख मऊ पट्टीनें दोहों बाजूंस पसरून ठेविले. कांचेपलीकडून आम्हीं पाहिलें, तेव्हां बारा वर्षांत प्रथमच तो आम्हांस इतका लहान दिसला. यंत्राचें वर्तुळ फिरलें आणि कांहीं सेकंदांत चित्रें निघालींही. तयारी आणि शुद्धीवर येणें यांसच काय तो वेळ लागला. जागा झाल्यावर त्यानें पशुवैद्यांच्या बोटास कडकडून चावा घेतला, आणि आमच्या जिवांत जीव आला.

मग पडद्यावर त्या चकत्या एकामागून एक सरकूं लागल्या. डाव्या बाजूच्या पोटांतील हवेच्या पिशवींत, जेथें निखळ काळोख हवा होता, तेथें भुईमुगाच्या दाण्याएवढा पांढुरका गोळा होता. पिशवीची भिंत जाड झाली होती. श्वासनळी जेथें दुभंगते, आणि जेथें पक्ष्याचा आवाज उत्पन्न होतो, तेथेंही किंचित् दाटी दिसत होती. यंत्रानें जागा दाखविली. पण रोगाचें नांव तें सांगत नाहीं. तो गोळा पुवाचा कीं बुरशीचा कीं गांठीचा, हें ठरविण्यासाठीं त्याच दाखविलेल्या जागीं बारीक दुर्बीण घालून कण काढावा लागला. ती बुरशी होती. ॲस्परजिलस तिचें नांव. ओल धरलेल्या धान्यांत, गवतांत, कुजक्या पाल्यांत ती वाढते आणि तिचे अदृश्य बीजकण हवेबरोबर आंत जातात. सशक्त पक्षी त्यांस दाद देत नाहीं; अशक्तास तीं घेरतात.

"याला खावयास काय घालतां?" पशुवैद्यांनीं विचारलें. आम्ही उत्साहानें सांगूं लागलों: सूर्यफुलाचें बीं तर रोजचेंच, आणि संध्याकाळीं कचेरींतून आल्यावर आमच्या हातच्या चार भुईमुगाच्या शेंगा. शेंगा कोठें ठेवतां? माळ्यावर, पोत्यांत. पावसाळ्यांत? पावसाळ्यांतही. बोलतां बोलतांच आमचा स्वर उतरला. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर वाढलेल्या पोपटास अ जीवनसत्त्व पुरेसें मिळत नाहीं, त्यामुळें श्वासमार्गाचें अस्तर दुबळें होतें. आणि टरफलासकट ओल खाल्लेली शेंग म्हणजे त्या बुरशीचें माहेरच. श्रावणभर ज्या शेंगा आम्हीं लाडानें त्याच्या चोंचींत दिल्या, त्यांनींच बहुधा हें केलें. कोणी आम्हांस दोष दिला नाहीं. देण्याची गरजच नव्हती.

त्या रात्रीं झोंप येईना, म्हणून याच रोगाविषयीं आम्ही वाचीत बसलों, आणि न्यूझीलंडच्या एका विलक्षण पोपटाची हकीकत हातीं आली. त्याचें नांव काकापो. माओरी भाषेंत याचा अर्थ रात्रीचा पोपट. जगांतील सर्व पोपटांत हा वजनानें भारी, हिरवा, निशाचर, आणि उडतां न येणारा. माणसांनीं नेलेल्या मांजरें, उंदीर, मुंगसासारखे स्टोट अशा प्राण्यांनीं त्याचा जवळजवळ निःपात केला. १९९५ सालीं सर्व जगांत अवघे ५१ काकापो उरले होते. उरलेले पक्षी शत्रुरहित बेटांवर नेऊन, प्रत्येकास नांव देऊन, तेथील लोकांनीं ते जपले. रिमू नांवाच्या झाडास ज्या वर्षीं फळांचा बहर येतो त्याच वर्षीं हा पक्षी अंडीं घालतो. २०१९ सालीं असा बहर आला आणि पूर्वीं कधीं नव्हती एवढी पिलें जन्मास आलीं. आणि त्याच आनंदाच्या वर्षीं फेनुआ हौ, म्हणजे कॉडफिश बेट, येथें आमच्या पंडितास झालेल्या याच बुरशीनें त्यांस गांठलें.

काकापोही इतर पक्ष्यांप्रमाणेंच आपलें दुखणें लपवितो. तो निपचित पडेपर्यंत थांबावें, तर औषधाची वेळ निघून जाते. म्हणून संशयित पक्षी बेटावरून उचलून मुख्य भूमीवर आणले गेले आणि सीटी स्कॅनच्या चित्रांवरून रोगी निवडले गेले. ऑक्लंडचें प्राणिसंग्रहालय, मॅसी विद्यापीठाचें वन्यप्राण्यांचें रुग्णालय आणि ड्युनेडिनचें रुग्णालय या ठिकाणीं महिनोन्महिने त्यांची शुश्रूषा चालली. २१ पक्ष्यांस रोग झाल्याचें ठरलें; ९ गेले, १२ वांचले. त्याच वर्षींच्या एप्रिलांत एका पिलाच्या डोक्यावर टेंगूळ दिसलें. स्कॅनमध्यें कवटीचीं हाडें पुरतीं जुळलीं नसून त्या भोंकांतून मेंदूचा भाग बाहेर येऊं पाहत आहे असें आढळलें, आणि मॅसी येथील वैद्यांनीं शस्त्रक्रिया करून तें भोंक झांकलें. २०२२ सालीं काकापोंची संख्या २५२ झाली होती.

ज्या जातीचे दीडशें पक्षीही उरले नव्हते, तिच्यांतील बारा जीव वांचणें म्हणजे काय, हें आंकड्यांत सांगणें नको. आमच्या मनांत मात्र त्या नऊंचाच विचार घोळत राहिला. त्यांचेंही चित्र निघालें होतें, रोग दिसला होता, औषध होतें, जिवापाड झटणारीं माणसें होतीं. तरी ते गेले. दिसणें म्हणजे बरें होणें नव्हे, ही गोष्ट यंत्राच्या कौतुकांत विसरतां कामा नये. तें महाग आहे, सर्व गांवीं मिळत नाहीं. त्यांत साध्या चित्राहून किरणांची मात्रा अधिक लागते, आणि गुंगीचा धोका आहेच. उठल्यासुटल्या प्रत्येक शिंकेस तें करावें असें कोणी शहाणा पशुवैद्य सांगणार नाहीं. पण जेथें तें लागतें तेथें दुसरें कांहीं चालत नाहीं; आणि एकदां आंतलें दिसलें कीं "आम्हांस काय ठाऊक?" असें म्हणण्याची सोय उरत नाहीं. आम्हांस वाटतें, त्या यंत्राची खरी किंमत रुपयांहून यांतच अधिक आहे.

पंडिताचा उपचार साडेचार महिने चालला. बुरशीवरचें औषध दोन वेळां, कांचेच्या पेटींत बसवून औषधाची वाफ, पिंजरा मोरीजवळच्या कोंपऱ्यांतून काढून उजेडाच्या खिडकीपाशीं, शेंगा कायमच्या बंद, आणि खाण्यांत गाजर, लाल भोपळा, पालक. पहिले पंधरा दिवस त्यानें गाजराकडे पाहिलेंही नाहीं. आत्याबाई त्याच्यासमोर बसून स्वतः चघळीत, तेव्हां कोठें त्यानें एक तुकडा उचलला. दादा औषधाची पिचकारी धरीत, कारण त्यांचाच हात कांपत नसे. सुमनबाई कामास आल्या कीं आधीं पिंजऱ्यापाशीं जाऊन "आज कसा आहे?" असें विचारीत, आणि वहिनी त्यांच्या आईची विचारपूस करीत. फाल्गुनांत पुन्हां स्कॅन झालें. गोळा आकसून डाळीएवढा झाला होता आणि भिंतीची सूज उतरली होती.

आवाज मात्र परत आला नाहीं. श्वासनळीच्या त्या दुभंगावर जी इजा झाली ती राहिली. चोंच उघडून तो कांहीं म्हणावयास जातो, एक घोगरा उच्छ्वास निघतो, आणि तो स्वतःच नवल वाटल्यासारखा मान वांकडी करून थांबतो. आमच्या घरांत आतां कुकरच्या शिट्ट्या बरोबर मोजल्या जातात. याचें सुख कोणासही झालेलें नाहीं.

एके दिवशीं आत्याबाई म्हणाल्या, "त्याला बोलतां येत होतें, म्हणून आपण समजलों कीं त्याला सांगतांही येतें." हें वाक्य आम्हांस पंडितापुरतें राहिलें नाहीं. बारा वर्षें तो आमचेच शब्द आम्हांस परत ऐकवीत होता आणि आम्ही कौतुकानें ऐकत होतों; त्याचें स्वतःचें असें कांहीं त्यानें कधीं सांगितलें असेल तर तें शेंपटाच्या हालण्यांत होतें, आणि तें पाहावयास आम्हांस तीन आठवडे लागले. घरांतील कितीतरी माणसेंही अशींच आमच्याच शब्दांत "बरें आहे" म्हणत असतील.

पशुवैद्यांनीं निरोप देतांना एक उपाय सांगितला, तो वाचकांसही उपयोगी पडावा. पक्षी दुखणें लपवितो, पण वजन लपवूं शकत नाहीं. रोज सकाळीं खाण्यापूर्वीं त्यास तोलावें. आठवड्यांत वीस-पंचवीस ग्रॅमची उतरण दिसली तर दवाखाना गांठावा. तेव्हांपासून मसाल्याचा लहान कांटा स्वयंपाकघरांतून खिडकीपाशीं आला आहे. पंडित त्यावर निमूटपणें चढतो. आत्याबाई चष्मा पुसून आंकडा वाचतात आणि दुधाच्या हिशेबाच्या वहींत, दुधाच्या शेजारच्याच रकान्यांत, लिहून ठेवितात. आज सकाळचा आंकडा चारशें बारा.